बोडखे काकांचं नामंजूर

बोडखे काकांना लग्नाची पत्रिका द्यायला जाऊ नये. गेलातच, तर ती परत घेऊन यायची तयारी ठेवावी.

तळमजल्यावरचे साळवे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मोठ्या हौसेनं वर आले होते. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, दारातच उभं राहून पहिल्या गणपतीपासून शेवटच्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत पत्रिका वाचली, आणि साळव्यांच्या हातात परत दिली.

"नामंजूर."

"अहो काका, लग्न ठरलंय!" साळवे घाबरले.

"लग्न मंजूर हाय. पत्रिका नाय. हे बघा, लग्न साडेबाराला, जेवण लग्नानंतर. आन् वरात बँडपुढं नाचत बसली, लग्न अडीचला लागलं, तर? शुगरवाल्या माणसानं काय करायचं? समदं नीट झालं तर काय व्हतंय, हे कुणीबी लिहितंय साळवे. बिघडलं तर काय, ते लिहा की!"

साळवे पत्रिका तिथल्या तिथे शू-रॅकवर ठेवून पळाले. लग्न अर्थातच अडीचलाच लागलं. काका खिशात राजगिऱ्याचे लाडू भरून गेले होते आणि मांडवातल्या शुगरवाल्यांना हेरून हेरून एकेक हातावर ठेवत होते. साळव्यांच्या व्याह्यांना वाटलं, ही मुलीकडची पद्धतच असेल. त्यांनी दोन घेतले.

काकांचं पूर्ण नाव रंगनाथ बोडखे. मूळचे दौलताबादकडचे. तिकडे सीताफळाची बाग आहे, ती भाऊ-पुतणे बघतात. काकांनी उभी नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलवर काढली. निवृत्त झाल्यावर लोक मॉर्निंग वॉकला जातात, काका कर्नेलमध्ये गेले.

कर्नेल म्हणजे फोनच्या, कॉम्प्युटरच्या पोटातला गाभ्याचा प्रोग्रॅम. काका ज्याच्या नादी लागले तो जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणीही काही नवं लिहिलं की ते आधी ईमेलनं सगळ्यांसमोर मांडायचं. मग त्यातली जाणती मंडळी ओळ न् ओळ तपासणार, चुका काढणार, परत पाठवणार. चारचौघांत अब्रू काढून घ्यायची इतकी शिस्तशीर सोय दुसरीकडे नसेल. तर त्यातल्या आवाजाच्या खात्यात आमचे बोडखे काका तपासनीस. पगार नाही, खुर्ची नाही. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, खिडकीशी, प्लास्टिकच्या टेबलावर बसून ते जगाच्या चुका काढतात.

हे मला ठाऊकच नव्हतं. मी अश्विनी. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्रॅम लिहिते. काका दिवसभर कॉम्प्युटरवर काय करतात, याबद्दल माझा अंदाज पत्ते खेळत असतील असा होता.

मला कंपनीनं एक ड्रायव्हर लिहायला दिला होता. सोपं करून सांगते. फोनला यूएसबीचे हेडफोन लावून तुम्ही भजन ऐकत पडलात, की बिचारा फोनचा मुख्य प्रोसेसर क्षणाक्षणाला जागा होऊन हेडफोनला आवाजाचे घास भरवत बसतो. त्यानं बॅटरी संपते. शेजारी एक धाकटा प्रोसेसर रिकामाच असतो. तर भरवायचं काम धाकट्याला द्यावं आणि थोरल्यानं निवांत झोपावं. हे सोपवासोपवीचं काम करणारा प्रोग्रॅम, तो माझा ड्रायव्हर. मी जीव ओतून लिहिला आणि त्या जगाच्या ईमेलवर धाडला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर. स्वच्छ इंग्रजी, कोरडं ठक्क, चूक न् चूक वेचलेली. खाली सही, आर. बोडखे. मी म्हटलं असेल कुणी नाशिककडचा. तेवढ्यात दार वाजलं. दारात काका, अंगात बनियन, हातात दुधाची पिशवी.

"अश्विनी, हे कुलूप लावून किल्ली घिऊन कामून पळायलीस गं तू?"

प्रोग्रॅममध्ये एखादी वस्तू वापरायला घेतली की तिला कुलूप लावायचं असतं, म्हणजे दुसरं कुणी मध्ये हात घालत नाही. काम झालं की काढायचं. माझं काम मध्येच फसलं, तर कुलूप तसंच राहत होतं. चूक माझीच होती. पण बनियनमधल्या माणसानं, दुधाची पिशवी हलवत, माझ्याच दारात ती दाखवावी? माझं डोकंच फिरलं.

"काका, तो आर. बोडखे तुम्ही?"

"व्हय. पण त्याचं काय बोलायचं ते मेलवर," काका म्हणाले आणि गेले.

हा त्यांचा दुसरा हट्ट. तपासणीचा एक शब्द तोंडी बोलायचा नाही. जे बोललं ते वाऱ्यावर गेलं. नामंजूर का झालं हे उद्या कुण्या दुसऱ्या पोराला कळायला पाहिजे, म्हणून सगळं लेखी, सगळ्यांसमोर. बरोबरच आहे. पण मी दारात उभी राहून एक शंका विचारायची, त्यांनी 'मेल टाक' म्हणायचं, मी घरात येऊन मेल टाकायची, आणि बंद दारातून त्यांचा फोन टिंग करून वाजलेला मला ऐकू यायचा. आता बोला! मध्ये फक्त तो शू-रॅक, साळवे पत्रिका ठेवून पळाले होते तो.

माझा ड्रायव्हर त्यांनी किती वेळा परत पाठवला ते मी मोजायचं सोडून दिलं. त्यांचा मुख्य आक्षेप एकच. धाकटा कामाला लागला, थोरला झोपला, कबूल. पण मध्येच कुणी वायर उपटली तर? धाकटा बसलाय हवेत घास भरवत, आणि थोरल्याला उठवणार कोण? कोणत्या वेळी उठवायचं, कोणत्या वेळी नाही, हे लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या ड्रायव्हरला पुढे मंजुरी मिळाली, उन्हाळा सरता सरता. पण मी सांगायला बसले ते वेगळंच.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही काका तसेच. सेक्रेटरीनं लिहावं, उद्या टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवणे. काका त्यातली ओळ न् ओळ सुटी करणार आणि प्रत्येकीखाली उत्तर देणार. 'उद्या' खाली: 'किती वाजता?' 'साफ होणार' खाली: 'माणूस आलाच नाही तर?' 'पाणी भरून ठेवणे' खाली: 'कशात?' सेक्रेटरीनं दोनदा राजीनामा दिला. काकांनी दोन्ही तपासून परत केले.

असा हा माणूस. घरात मात्र त्याचं एक अक्षर चालायचं नाही, कारण घरात शकूकाकू होत्या. काकू शाळेत शिक्षिका होत्या, आवाज खणखणीत. मूलबाळ नाही, त्यामुळे सगळी शाळा काकांचीच घ्यायच्या. "अहो, ते तपासणं पुरे, तांदूळ निवडा!" की काका तांदूळ निवडायला बसायचे आणि खडा सापडला की त्यांना भारी आनंद व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. काही आठवडे एक शब्द नाही. काका रोज त्यांच्या उशाशी बसून 'अहो म्हण, शकू, अहो म्हण' असं घोकून घ्यायचे. 'अहो' काही आला नाही. एक दिवस काकूंनी तोंड उघडलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "रंगा!"

लग्न झाल्यापासून उखाणा सोडला तर त्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. काका जिन्यात येऊन मला सांगत होते, लाजून नुसते लाल झाले होते. "आईनंतर कुणी रंगा म्हणलं नव्हतं गं मला!"

मग हळूहळू पाणी, गोळी, नको, बास असे थोडे शब्द आले. पण रंगा पहिला. दिवसभर समोरून हाक यायची आणि काका हातातलं टाकून धावायचे. अंघोळ, औषध, व्यायाम, भरवणं, कूस बदलणं, सगळं एकटे. बाई ठेवा म्हटलं की 'बघू'. भावांनी माणूस पाठवतो म्हटलं, 'नको, तसदी कशाला'. माणूस वाळत चालला होता. उभ्या उभ्या डुलक्या लागायच्या. एकदा लिफ्टमध्ये झोपले. साळवे तीनदा वरखाली झाले त्यांच्यासोबत, उठवायचा जीव होईना म्हणून. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि स्पष्टच सांगितलं, बोडखे, असंच चाललं तर काकूंच्या आधी तुम्ही आडवे व्हाल, आणि मग त्यांचं बघणार कोण? काका त्यांना म्हणाले, बघू.

मग ती मेल आली.

भर सकाळी, माझ्याच ड्रायव्हरवर. पहिल्या तीन सूचना नेहमीसारख्या खणखणीत. चौथी सुरू होते, 'धाकट्यानं थोरल्याला केव्हा जागं करायचं ते', आणि पुढे इंग्रजी जे. जे, जे, जे. पानभर जे. माणूस कीबोर्डवर बोट ठेवून झोपला होता, आणि जाग आल्यावर न बघता पाठवून मोकळा झाला होता. ते जगाच्या ईमेलवर गेलं. तिथे गेलेलं काही म्हणता काही पुसता येत नाही. काकांची डुलकी कायमची दप्तरी जमा झाली. वर गंमत बघा, कुण्या सातासमुद्रापलीकडच्या सज्जन माणसानं अदबीनं विचारलं, की ही चौथी सूचना फार महत्त्वाची दिसते, जरा खुलासा कराल का? दुसऱ्यानं तर ती आज्ञाच समजून चालवून पाहिली.

आधी मी पोट धरून हसले. मग काकांचं दार उघडं दिसलं. आत ते पालथ्या पातेल्यावर चहा ओतत होते. माझं हसू गेलं ते गेलंच. हा माणूस मरणार, मी मनात म्हटलं, आणि मरतानाही 'बघू' म्हणणार.

त्याच आठवड्यात मी बाया आणायला सुरुवात केली. पहिली कोर्स केलेली, पांढरा डगला घालून आली. काकांनी तिला अर्धा तास प्रश्न विचारले. लाइट गेली तर? लिफ्ट बंद पडली तर? मी रस्त्यातच गचकलो तर? तिनं सगळ्याची बरोबर उत्तरं दिली. "नामंजूर," काका मला म्हणाले. "शकूला आजी म्हणली ती." दुसरी अबोल, कामाला वाघ. नामंजूर. पाणी पाजताना तिचं लक्ष ग्लासाकडे होतं, तोंडाकडे नाही.

तिसरी लता, मुकुंदवाडीची. तोंडाचा पट्टा सुरू झाला की बंद नाही, आणि हसली की खालचं कुत्रं भुंकायचं. काकांनी विचारलं, मी रस्त्यात गचकलो तर?

"तर मी रडन की काका," लता म्हणाली. "पर आदी काकूला चा देईन. तुमची घाई नाय तवा."

काकूंच्या तोंडातून एक आवाज निघाला. आम्ही दचकून बघितलं, तर काकू हसत होत्या. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. काका बाहेर आले, दार लोटलं, आणि म्हणाले, "नामंजूर."

"का?" मी ओरडलेच.

"बघू," म्हणाले आणि आत गेले.

मग मात्र मी पेटले. ह्या माणसाला तोंडी कळत नाही ना? ठीक. घरात येऊन मी मेल लिहायला बसले, फक्त त्यांनाच, पण त्यांच्या पद्धतीनं. बदल काय: दुपारी जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत लता काकूंजवळ बसणार. कारण काय: त्या वेळात काका झोपणार. बिघडलं तर काय: काकूंना ठसका लागला, ताप वाटला, घाबऱ्या झाल्या, तर लता काकांना तत्काळ उठवणार. पाणी, कूस, पाय दाबणे, यासाठी उठवणार नाही. शेवटी लिहिलं, नामंजूर असेल तर कारण द्यावं. बघू हे कारण धरलं जाणार नाही.

समोर टिंग वाजलं. मी वाट बघत बसले. ओळीओळीखाली उत्तरं येणार, त्याला मी दुप्पट उत्तरं देणार, अशी मी पदर खोचून तयार होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, तरी मेल नाही. आणि दार वाजलं.

काका आत आले. इतक्या वर्षांत ते माझ्याकडे उंबऱ्यापुढे आले नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर.

"हे मेलवर लिहिता येईना," म्हणाले.

मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं आणि धरून बसले.

"लता चांगली हाय. मला कळतंय. पहिल्या दोघीबी काय वाईट नव्हत्या."

"मग काका?"

"शकू हाक मारती ना मला. पाणी पायजे, की रंगा. पाय आखडला, की रंगा. आता पाणी लता देणार. पाय लता चोळणार. मग हाक कशाला मारंल ती? तिच्यापाशी शब्द हैत किती? जो लागत नाय तो जायचा तिचा, मला लई भ्या वाटतंय. उद्या तिला माझं कामच पडंना झालं आन् हाकच बंद झाली, तर मी काय करू अश्विनी? मला दुसरं हाय कोण?"

दोन वर्षं आम्ही सगळे समजत होतो, म्हातारा हट्टी आहे, कुणावर विश्वास टाकत नाही. म्हातारा एकटा पडायला घाबरत होता, दुसरं काही नाही. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण आपल्याकडे बोडखे काकांना कुणी जवळ घेत नाही, म्हणून मी त्यांच्या हातातला ग्लास नुसताच काढून घेतला.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आडवे झालात तर तिच्या हाकेला ओ कोण देणार?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे मेलमधी लिहायला पायजे व्हतंस," म्हणाले.

"लिहू?"

"नको. कळलं." मग उठता उठता, "एक दुपार. तपासणीपुरती."

ती दुपार दुसऱ्याच दिवशी आली. बाहेर ऊन रणरणत होतं. काकांना त्यांच्या घरात झोपवलं असतं तर ते दर मिनिटाला उठून बघणार, म्हणून मी त्यांना आमच्या हॉलमधल्या दिवाणावर आणलं. अट अशी, की दोन्ही दारं उघडी ठेवायची. उशी घेतली, पंखा लावला.

"मी नुसते डोळे मिटलेत. झोपलो नाय," त्यांनी बजावलं. आणि पुढचं वाक्य बोलता बोलताच घोरायला लागले.

मी टेबलाशी बसून ड्रायव्हर दुरुस्त करत होते. समोरून लताची टकळी ऐकू येत होती, तिची जाऊ, जावेची जाऊ, नळाला आलेलं गढूळ पाणी. मध्ये ग्लास वाजला. मध्ये पलंग करकरला. हाक काही आली नाही. मलाच राहवेना. मी जाऊन काकूंजवळ वाकले. "काकू, काकांना बोलावू का?" काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे. पलीकडून घोरणं येत होतं, आरा मशीन चालल्यासारखं. त्या ऐकत राहिल्या. मग डावा हात थोडासा उचलून म्हणाल्या, "नको."

काका उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. गालावर दिवाणाच्या चादरीची नक्षी, केस ताठ, चष्मा नाही. तसेच धडपडत समोर गेले. मी मागोमाग.

"हाक मारली का तिनं?"

"नाय की काका!" लता कौतुकानं म्हणाली. "एकदाबी नाय. लई गुणाची हाय काकू."

काकांचा चेहरा खाडकन उतरला. लताला काही कळलं नाही, ती बिचारी हसतच होती. काका पलंगाशी स्टुलावर बसले.

"पाणी पायजे, शकू?"

"नको."

"पाय दुखतोय?"

"नको."

"गोळी देऊ?"

"बास."

काकांचे हात मांडीवर पडून राहिले. त्या हातांना करायला काही उरलं नव्हतं. मीच घडवून आणलं होतं हे.

तेवढ्यात काकूंनी डावा हात उचलला. काकांच्या गालावरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. ओठ हलायला लागले. शब्द येईना. कपाळाच्या शिरा ताणल्या, पुन्हा ओठ हलले. लता मदतीला काहीतरी बोलणार, इतक्यात मी तिला चिमटा काढला.

"झोप," काकू म्हणाल्या. थांबल्या. दम घेतला. "झोप... झाली?"

झटका आल्यापासून काकू मागत होत्या, नको म्हणत होत्या, हाका मारत होत्या. विचारलं मात्र कधी काही नव्हतं. आज त्यांना स्वतःसाठी काहीच मागायचं नव्हतं, म्हणून त्या नवऱ्याला विचारत होत्या.

काका रडायला लागले. तोंड लपवलं नाही, डोळे पुसले नाहीत, लहान मुलासारखे आवाज करून रडले. तो हात त्यांनी गालावरच दाबून धरला.

"झाली शकू," म्हणाले. "लई झाली."

मी लताचा दंड धरून तिला बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं. ती घाबरून विचारत होती, काय चुकलं का माझं? मी म्हटलं, काही नाही चुकलं, उद्या वेळेवर ये. आतून काकांचा आवाज येत होता. अश्विनीकडची उशी लई उंच हाय, पंखा खडखड करतोय, आन् स्वप्नात म्हणं साळवे आले व्हते.